कोल्हिणीने नेलेला डावा बूट

कॅनडात काय काय पाहिलंस असं कुणी विचारलं की त्याला नायगाराबद्दल ऐकायचं असतं. नायगारा मीही पाहिला, भिजले, फोटो काढले. पण मला सांगावंसं वाटतं ते एका कोल्हिणीच्या बिळाबद्दल. ते पाहिलं तेव्हा माझ्या नवऱ्याचे फक्त पाय बाहेर होते आणि उरलेला नवरा आत होता.

गोष्ट २०१०च्या जूनमधली. लग्नाला आठ महिने झाले होते. निखिल पुण्याचा, मॉन्ट्रियलमध्ये सॉफ्टवेअरमध्ये. मी मृणाल, नागपूरची, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाच वर्षं काम केलेली. नदीपलीकडच्या ब्रॉसार्डमध्ये आमचा संसार सुरू झाला. इथली लॅबची परीक्षा मी अभ्यास करून पास झाले, पण क्युबेकमध्ये त्या कामाला फ्रेंच लागतं, आणि माझं फ्रेंच "बोंजूर"च्या पुढे चार पावलं जाऊन धापा टाकत होतं. तेव्हा दिवसा एका दुकानात लोकांचे फोटो प्रिंट करून द्यायचे, संध्याकाळी फ्रेंचचा क्लास, शनिवार-रविवारी निखिलबरोबर हिंडायचं, असा माझा आठवडा होता. दिवसभर दुसऱ्यांच्या सहली मशीनमधून बाहेर पडताना बघायच्या आणि शनिवारी आपली करायची. वाईट चाललं होतं असं मुळीच नाही. पण पांढरा कोट कपाटात घडी घालून ठेवला होता, आणि कपाट उघडलं की तो दिसायचा.

मे महिन्यात हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबने मला इंटरव्ह्यूला बोलावलं. हॅलिफॅक्स म्हणजे पार अटलांटिकच्या काठावर, आमच्यापासून बाराशे किलोमीटर. मी निखिलला मेल दाखवला.

"अरे वा! मग ड्राइव्ह करूनच जाऊ. मी चार दिवस सुट्टी टाकतो, फिरणंही होईल," तो म्हणाला.

हे तो इतकं चटकन म्हणाला की मलाच शंका आली. नोकरी मिळाली तर मी तिथे आणि तो इथे, हे दोघांनाही कळत होतं. पण तो विषय काढला की तो एवढंच म्हणायचा, "आधी मिळू तर दे." यात मिळावी अशी इच्छा होती की मिळू नये अशी, ते मला कळेना. मला नोकरी हवी होती आणि नवऱ्याने ती मनापासून हवी म्हणावी असंही हवं होतं. दोन्ही हवं असणं हा हावरटपणा असेल तर मी हावरट होते.

बुधवार, समुद्राच्या तळाशी

पहिल्या दिवसाचं काही सांगत नाही. झाडं होती, रस्ता होता, पुन्हा झाडं होती. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणी माझ्या हातची असल्यामुळे निखिल दर घासाला पाणी पीत होता. "तुमच्या नागपूरला जिभेचा विमा काढतात का गं?" हा विनोद त्याने दोनदा केला. वाटेत घड्याळ एक तास पुढे करावं लागलं. आपल्याकडे द्वारकेपासून इटानगरपर्यंत सगळ्यांचे एकदमच दहा वाजतात. इथे गाडीत बसल्या बसल्या एक तास हातातून गेला.

"बघ, तुझ्या नोकरीने आत्ताच माझा एक तास खाल्ला," निखिल म्हणाला. मी हसले, पण ते वाक्य मनात जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फंडीच्या उपसागराशी थांबलो. इथे भरती-ओहोटीत तीन-चार मजल्यांचा फरक पडतो. ओहोटीला लोखंडी जिना उतरून चक्क समुद्राच्या तळावर चालता येतं. डोक्यावर झाडं घेतलेले लाल खडकांचे खांब उभे, त्यांच्या कमरेपर्यंत शेवाळ, आणि खालून आपण मान वर करून बघत फिरायचं. किती वाजेपर्यंत वर यायचं ते पाटीवर लिहिलेलं. नागपूरला आमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ ठरलेली असे, पण समुद्राचं वेळापत्रक मी पहिल्यांदाच पाहिलं. पाटीवरची वेळ झाल्यावर वर येऊन कठड्याशी दशम्या खात बसलो. दोन तासांत, आम्ही जिथे उभे होतो तिथे पाणी हललं, मग चढलं, मग खडकांची कंबर बुडाली. लाटाबिटा काही नाहीत. शहाण्या पाहुण्यासारखं ते गुपचूप आत आलं.

तिथला चिखल लाल, लोण्यासारखा मऊ. लॅबची सवय म्हणून मी तो बोटांत चोळून पाहिला, वास घेतला. "आता चाखू नकोस फक्त," निखिल म्हणाला. आमचे दोघांचेही स्पोर्ट शूज घोट्यापर्यंत भरले होते. पुढे जे झालं त्याची सुरुवात या चिखलात आहे.

मार्लीनचं घर

हॅलिफॅक्सच्या अलीकडे पाऊण तासावर, एका खाडीच्या काठी मार्लीनचं घर होतं. वरच्या दोन खोल्या ती प्रवाशांना देते, सकाळचा नाश्ता त्यातच. सत्तरीची उंच बाई, पांढरे आखूड केस, आवाज खणखणीत. तिची एक लकब मला आधी कळेना. ती "हो" म्हणताना श्वास आत ओढायची. मी विचारलं, दुकान जवळ आहे का, तर ती "याऽ" असं हवा गिळत म्हणाली. मला वाटलं बाईला दम्याचा त्रास असावा. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरणारा माणूसही तसंच म्हणाला, तेव्हा उलगडलं की या किनाऱ्यावर होकार असाच देतात. मी तो खोलीत निखिलवर करून पाहिला. त्याने घाबरून पाण्याचा ग्लास पुढे केला.

मार्लीनने दारात पाऊल ठेवताच बूट काढले. आमचा जीव भांड्यात पडला. दाराच्या आत, पायपुसण्यावर तिच्या बुटांशेजारी पुरुषाचे गुडघ्याएवढे रबरी बूट उभे होते.

"माझ्या नवऱ्याचे. सहा वर्षं झाली त्याला जाऊन," ती सहज म्हणाली. "राहू दिलेत. दारावर कुणी अनोळखी आला तर त्याला वाटतं, घरात पुरुष आहे."

मी अनवाणी झाले तशी तिची नजर माझ्या जोडव्यांवर गेली. लग्न झाल्याची खूण आहे म्हटल्यावर तिने वाकून चष्म्यातून नीट पाहिलं. "आणि त्याच्या पायात?" तिने विचारलं. निखिलने पाय मागे घेतले.

संध्याकाळी तिने आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून चाऊडर वाढलं. म्हणजे माशाचे तुकडे, बटाटे आणि दूध घालून केलेलं दाट सूप. निखिल शाकाहारी, त्याने पाव आणि रुबार्बचा मुरांबा घेतला. रुबार्ब म्हणजे लाल आंबट देठ, त्याची भाजी आंबाडीसारखी उत्तम होईल अशी माझी खात्री आहे. माझ्यापुढे मात्र धर्मसंकट होतं. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर पांढरे डाग उठतात, हे आईने लहानपणापासून डोक्यात ठोकलेलं. मी देवाचं नाव घेऊन दोन वाट्या खाल्लं. अप्रतिम होतं. पुढे आठ दिवस आरशात कोपर तपासत होते, ते वेगळं.

जेवताना मार्लीनने विचारलं, कशासाठी आलात. मी इंटरव्ह्यूचं सांगितलं, आणि निखिल मॉन्ट्रियललाच राहणार हेही.

"माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. दहा-दहा दिवस समुद्रावर. तीस वर्षं," ती म्हणाली.

"कसं जमवलंत तुम्ही?" हे निखिलने विचारलं. माझ्याआधी.

"तो नसायचा तेव्हा छान जमायचं, डियर. घरी आला की दोन दिवसांनी पायात पायात यायचा." ती मोठ्याने हसली. मग भांडी उचलताना म्हणाली, "परत यायच्या दिवशी मात्र मी दुपारपासून खिडकीत."

निखिल हसला नाही. मी ते पाहिलं, आणि मनात जपलेल्या त्या तासाच्या वाक्याशेजारी हेही ठेवून दिलं.

आमच्या खोलीला मागच्या व्हरांड्यात उघडणारं वेगळं दार होतं. स्पोर्ट शूज मी बागेतल्या नळाखाली धुतले आणि वाळायला बाहेर ठेवले. मग मी इंटरव्ह्यूचे नवे काळे बूट, पायाला सवय व्हावी म्हणून, आणि निखिल त्याचे दुसरे बूट घालून खाडीपर्यंत पाय मोकळे करून आलो. परत आल्यावर ते दाराबाहेर काढले. दोघांचे मिळून चार जोड, टाचा भिंतीला लावून, देवळाबाहेर ठेवावेत तसे ओळीने. चपला दाराबाहेर काढायच्या, यात विचार करण्यासारखं आपल्याला काही वाटतच नाही. हात-पाय धुतले आणि झोपलो.

गुरुवार

सकाळी सातला दार उघडलं तर सात बूट होते.

मी पुन्हा मोजले. माझा डावा काळा बूट नव्हता. व्हरांड्याखाली नाही, झुडपात नाही. मार्लीन हातात चमचा घेऊनच बाहेर आली आणि ओळीने लावलेले बूट पाहून थबकली.

"तुम्ही रात्रभर बाहेर ठेवलेत?"

"आमच्याकडे बाहेरच काढतात," मी म्हटलं.

"आम्हीही काढतो, डियर, पण आत! नावेच्या शेडखाली कोल्हीण व्यालीय. पिल्लांना खेळायला नेते ती. माझे तीन हातमोजे गेलेत."

कोल्हा काकडीला राजी हे ऐकलं होतं. बुटालाही राजी असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

इंटरव्ह्यू साडेदहाला. नऊला निघायलाच हवं. दुकानं उघडणार दहाला. स्पोर्ट शूज अजून पाण्याने गच्च. मार्लीनचे बूट माझ्या पायात घातले तर आत दोन पाय मावले असते. चपला होत्या, पण मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की लॅब दाखवणार आहोत, पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत. लॅबच्या कामासाठी आलेली बाई बोटं उघडी टाकून जाणार! मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. निखिल शेजारी येऊन उभा राहिला.

"अगं, फोन करून सांगू. समजून घेतील. नाहीतर... नसेल नशिबात तर..."

राग आला की माझी नागपुरी बाहेर येते.

"काय बोलून राहिला तू? तुला बरंच झालं ना! त्या कोल्हिणीला दूधभात घाल आता! मिळू तर दे, मिळू तर दे म्हणत होतास, घे, नाही मिळत!"

मार्लीनला मराठी येत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत समजतं. ती चमचा घेऊन आत गेली. निखिलचा चेहरा उतरला. इंटरव्ह्यूनंतर कुणी भेटलं तर बरं दिसावं म्हणून मी इस्त्री केलेला पांढरा शर्ट त्याने घातला होता. त्याच शर्टाने तो उतार उतरून शेडपाशी गेला, गुडघ्यांवर बसला, मग पोटावर, आणि फळ्यांखालच्या फटीत शिरू लागला.

मी धावत खाली गेले. बाहेर दोन मोजे दिसत होते.

"निखिल! चावेल ती! बाहेर ये!"

"ती नाहीये. पिल्लं आहेत फक्त. चार," आतून आवाज आला. "गोड आहेत गं. सशाएवढी."

"बाहेर ये म्हणते ना!"

"थांब. चेंडू आहे... हातमोजा... हा लहान मुलाचा सँडल... अरे सोड ना, ए, सोड, तो माझ्या बायकोचा आहे."

हे वाक्य तो कोल्ह्याच्या पिल्लाला मराठीत म्हणत होता. मी तिथे ओल्या गवतात उभी, एक डोळा झाडीकडे, पिल्लांची आई येते का म्हणून. रडत होते आणि हसतही होते. थोड्या वेळाने मोजे मागे सरकले, पँट आली, शर्ट आला. पांढरा म्हणावा असा तो आता राहिला नव्हता. शेवटी हात बाहेर आला, त्यात बूट होता. टाचेवर चार दातांचे खळगे, मागची कड कुरतडलेली, आत थोडी लाळ. नवे बूट चावतात म्हणतात, हा चावून घेतलेला होता. पण पायात बसत होता.

मार्लीनने तो पुसला, खळग्यांत चुलीवरची काजळी भरली आणि वर काळं पॉलिश फिरवलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या लॅबच्या मुख्य बाई मला घेऊन कॉरिडॉरमधून चालत होत्या. मी मुद्दाम त्यांच्या मागे राहत होते. दारापाशी त्यांनी मला पुढे केलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "कोल्हा?"

मी हो म्हटलं. चुकून श्वास आत ओढतच.

"माझा एक गमबूट असाच गेला," त्या म्हणाल्या. "परत कसा मिळवलात?"

मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की आतल्या दोघी बघायला आल्या. त्यानंतर दीड तास मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवून चांगलंच घासून काढलं, पण आठ महिन्यांनी समोर काचपट्टी आली तेव्हा मला कसलीच भीती वाटली नाही. माझ्या हातांना सगळं आठवत होतं.

फेरीबोट

हॅलिफॅक्स बंदरात पलीकडच्या डार्टमथला जायला फेरीबोट आहे. लोक हातात कॉफी घेऊन तिने ऑफिसला जातात, सिटी बससारखे. इंटरव्ह्यू झाल्यावर आम्ही उगाचच तीत बसलो. समुद्रावर पातळ धुकं होतं, नौदलाची करडी जहाजं अर्धी दिसत होती. निखिलचा शर्ट गाडीत होता. तो टी-शर्टमध्ये कुडकुडत होता.

"सकाळी मी फार बोलले. चुकलं माझं," मी म्हटलं.

त्याने दोन्ही हात कठड्यावर टेकले.

"थोडं खरं होतं," तो म्हणाला. "बूट नाहीसा झाला तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. एकच क्षण. मग माझीच लाज वाटली आणि म्हणून मी आत घुसलो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढं खरं त्याआधी तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"मला एकटीला जमणार नाही असं वाटतं का तुला?"

"जमेल गं. त्याचीच भीती वाटते. सगळं छान जमेल आणि मग मी आलो की पायात पायात येईन."

तर हे होतं त्या "मिळू तर दे"च्या मागे! मी त्याचा गार हात माझ्या खिशात घातला. मी म्हटलं, "खिडकीचं विसरलास तू. दुपारपासून खिडकीत." बोट पलीकडे लागली. आम्ही उतरलोच नाही, तिनेच परत आलो.

शुक्रवार-शनिवारी किनाऱ्याने हिंडलो. दीपस्तंभ पाहिला, लॉब्स्टरचे पिंजरे पाहिले, निखिलने सगळीकडे बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. मार्लीनकडे चपला आत काढल्या.

त्यानंतर

नोकरी मिळाली. सप्टेंबरमध्ये निखिल मला सोडायला आला. शहरात दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, कपाटात पांढरा कोट. या वेळी घडी मोडलेला.

त्या रात्री नागपूरहून आईचा फोन आला. एकटी राहणार म्हणून तिच्या सूचनांना अंत नव्हता. कडी, गॅस, शेजारी. शेवटी म्हणाली, "आणि ऐक, निखिलरावांचा एक जोड ठेवून घे. दाराबाहेर ठेवत जा. घरात पुरुष आहे असं वाटतं लोकांना."

मला हसू आलं. आईने मार्लीनचं नावही तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना निखिलने आपले ते स्पोर्ट शूज ठेवले. फंडीचा लाल चिखल शिवणीत अजून होता, कितीही धुतला तरी गेला नव्हता. तो दार उघडून ते बाहेर ठेवणार, एवढ्यात मी त्याच्या हातून घेतले.

"अगं, आई म्हणाल्या ना, बाहेर."

"बाहेर ठेवलेलं जातं इथे," मी म्हटलं, आणि ते आत, माझ्या बुटांशेजारी लावले.

तो गेल्यावर मी खिडकीत जाऊन बसले. त्याला परत यायला तीन आठवडे होते.